सुभेदारांची चूल

खोली बघायला मी गेले तेव्हा घरमालक ओसरीवर मांडी घालून तांदूळ निवडत बसले होते, आणि मालकीणबाई मोटर का चालू होत नाही ते बघायला विहिरीवर गेल्या होत्या.

अर्थात हे मला नंतर कळलं. त्या वेळी वाटलं, घरातले कुणी लांबचे म्हातारे नातेवाईक असतील, रिकामे बसवत नाही म्हणून सूप पुढ्यात घेतलं असेल. पण अंगानं गडी दणकट होता. पांढऱ्या मिशा टोकाला वर वळवलेल्या, डोक्यावर पलटणीतली जुनी टोपी, आणि खडा निघाला की तो चिमटीत धरून उजेडाकडे बघायचे, मग अंगणात असा फेकायचे की जणू शत्रूचा एक माणूस कमी झाला.

"मालक आहेत का?" मी विचारलं.

"मालकीण हाय. रानात. खोलीचं आसंल तर मी दावतो. खरं आधी बसा, च्या घ्या."

आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता ते आत गेले आणि आलं घातलेला इतका कडक चहा घेऊन आले की पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. ते समोर उभे राहून माझं तोंड बघत होते. "झेपंना व्हय? व्हईल सवय," म्हणाले. खोली मी चहा संपेपर्यंत पाहिलीच नव्हती, पण त्यांच्या लेखी ती तेव्हाच दिली गेली होती.

कुंडलच्या हायस्कुलात मला नुकतीच नोकरी लागली होती. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. आमचे हे सांगलीला एका कचेरीत कारकून. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. मधले दिवस मी, माझा स्टोव्ह आणि भिंतीपलीकडचे सुभेदार. एकाहत्तरची लढाई झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी ते पेन्शनीत निघाले होते. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं, त्यांच्या बायकोला आक्का. आक्कांना सगळे आक्का म्हणत, सुभेदारसुद्धा.

सुभेदार पेन्शनीत आले त्या पहिल्या सकाळची गोष्ट मला आक्कांनीच सांगितली. ते उठले, टोपी घातली आणि थेट रानात जाऊन बांधावर उभे राहिले. गड्यांना म्हणाले, ही सरी अशी नको, तशी काढा. गड्यांनी आक्कांकडे बघितलं. सुभेदारांनी बैलांना हाक दिली. बैलांनीही आक्कांकडेच बघितलं.

"मग मी म्हनलं," आक्का सांगत होत्या, "आवं, तुमची पलटण तिकडं ऱ्हायली. ही माझी पलटण हाय. हितं तुमी नवं रंगरूट."

दुसरा कुणी असता तर बायकोवर डोळे वटारून उभा राहिला असता. सुभेदारांनी तिथंच सलाम ठोकला, मागं वळले आणि घरी आले. घरात एक जागा रिकामी होती, कारण आक्का पहाटे घाईघाईनं भाकरी थापून रानात पळायच्या त्या दिवस मावळता यायच्या. सुभेदार त्या जागी जाऊन बसले. ते मग उठलेच नाहीत.

मला त्यांच्या स्वयंपाकाबद्दल खोटं बोलायचं नाही. हाताला चव होती, पण मोजमाप पलटणीचं होतं. दोन माणसांची आमटी त्यांना करताच यायची नाही. डाळ शिजवायला घेतली की पातेलं आपोआप मोठं निघायचं. मग उरलेली आमटी आधी माझ्याकडे यायची, मग शेजारच्या मुल्ला बाबूभाईंकडे, मग गल्लीत जो सापडेल त्याच्याकडे. बाबूभाई शिवणकाम करायचे. त्यांची बायको एकदा मला हळूच म्हणाली, "बाई, सुभेदारांना सांगा की आमच्यात पण चूल पेटती." मी काय सांगणार? माझ्याच कपाटाखाली कालच्या आमटीचा तांब्या झाकून ठेवलेला होता.

पारावर त्यांना मागून काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. 'सुभेदारीणबाई' म्हणायचे. एकदा हा शब्द थेट कानावर पडला. दुसऱ्या दिवशी सुभेदार मोठी परात घेऊन पारावर हजर. परातीत गरम धपाटी, वर लोण्याचा गोळा.

"सुभेदारीणबाईंनी केल्यात. घ्या, खावा," म्हणाले.

आधी कुणी हात पुढं करेना. मग एकानं केला, आणि परात पुसून निघाली. तो पहिला हात करणारा बोटं चाटत म्हणाला, "सुभेदार, आमच्या मंडळीला जरा शिकवा की ह्ये."

"तिला कशाला? तूच ये की उद्या. पीठ मळायला हात लागत्यात, ते तुला बी हायती."

तो काही आला नाही. पण पारावरचा शब्द तेवढा थांबला.

वाद घालायला ते नेहमी तयार असायचे आणि त्यांचा मुद्दा एकच होता. "पलटणीत एवढी माणसं जेवायची. लंगरात रांधणारा एकजात मिशीवाला. तिथं कुणाची मिशी गळून आमटीत पडली न्हाई. मग घरात आल्यावरच कशी पडती?" याला गावात उत्तर नव्हतं. आमच्या हेडमास्तरांकडेही नव्हतं, आणि हेडमास्तरांकडे सगळ्याचं उत्तर असायचं.

आमच्या ह्यांची आणि त्यांची पहिली गाठ मात्र बघण्यासारखी झाली. हे शनिवारी आले, बूट काढले, खाटेवर टेकले, वर्तमानपत्र उघडलं आणि सवयीनं म्हणाले, "अगं, पाणी."

मी उठायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला, "जावईबापू, माठ डाव्या हाताला हाय. तांब्या वरच!"

हे दचकून उभेच राहिले. आणि उभे राहिलेच आहेत तर, म्हणून पाणी घेतलं. पुढच्या शनिवारपासून हे 'पाणी' हा शब्द कुजबुजल्यासारखा म्हणायला लागले, आणि दोन-तीन महिन्यांत म्हणायचेच थांबले. हळूहळू चहासुद्धा करायला लागले. फक्त आधी दार लावून घ्यायचे. गावात कळलं तर काय, ही भीती नव्हती. सुभेदार बघायला येतील आणि चहात आलं कमी आहे म्हणतील, ही भीती होती.

कारखान्याच्या शेतकी खात्यातला एक नवा माणूस ऊस बघायला आला होता, ती गंमत तर मी डोळ्यांनी पाहिली. दुपारची वेळ, मला सुट्टी होती. त्यानं विचारलं, मालक कुठायत? सुभेदार म्हणाले, "रानात. येत्यालच. मी सैपाकाला असतो." त्या माणसानं खरंच त्यांना आचारी समजून पाट ओढला, पिठलं-भाकरी मागून घेतली आणि जेवता जेवता आपल्या सासुरवाडीच्या तक्रारीसुद्धा सांगून टाकल्या. सुभेदार 'व्हय का', 'आसं का' म्हणत वाढत होते. एवढ्यात आक्का आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, पदर खोचलेला, हातात विळा. तो माणूस उठून म्हणाला, "तुमच्या आचाऱ्याच्या हाताला चव आहे हो."

"आचारी न्हवं, नवरा हाय," आक्का हातपाय धुता धुता म्हणाल्या. "पगार न देता ऱ्हातोय, म्हनून ठिवलाय."

बिचाऱ्याला ठसका लागला. सुभेदारांनीच पाठ थोपटली.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण एकदा दाण्याचं कूट करताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती हसून नाही सांगितली. नोकरीत असताना ते एकदा रजेवर आले होते. रजेवर आले की पाहुण्यासारखे बसायचे, आक्का पाट मांडायच्या, वाढायच्या, वारा घालायच्या. त्या खेपेला आक्कांना ताप भरला. उठवेना. सुभेदार पेज करायला म्हणून चुलीपाशी गेले.

"बाई, मला मीठ घावंना," ते म्हणाले. "सगळी गाडगी उघडली. माझंच घर, माझीच बायकू, इतकी वर्सं संसार झाला, आन् मीठ कुठं असतंय ते मला ठावं न्हवतं. तिला तापातनं उठवून ईचाराय लागलं. ती उठली, मीठ दिलं, आन् मग बसली ती पेज करूनच निजली. मी बगत उभा."

खलबत्ता त्यांनी पुन्हा जोरात सुरू केला.

आता इतक्या चांगल्या माणसात खोट कुठं असेल, असं वाटेल. होती. ती त्यांचा मुलगा संपत याच्या लग्नानंतर बाहेर पडली.

संपतही पलटणीतच. रजेवर आला, फलटणकडची मुलगी सून म्हणून आली. तिचं नाव शालन. ठेंगणी, हसरी, बांगड्या वाजवत चालणारी. लग्न झालं, रजा संपली, संपत गेला आणि शालन सासू-सासऱ्यांजवळ राहिली. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "ह्या घरात सुनंनं राबायचं न्हाई. पोरी, तू बस."

पोर बसली. पहिले काही दिवस तिला मजा वाटली असेल. मग तिनं हळूच परात पुढं ओढली. "पाणी जादा झालं," सुभेदार म्हणाले आणि परात आपल्याकडे घेतली. तिनं भांडी घासली, ती त्यांनी पुन्हा घासली. तिनं जाळ सारला, त्यांनी मागं ओढला. ती आक्कांबरोबर रानात निघाली तर सुभेदार दारात आडवे, "उन्हात कशाला नेतीस गं तिला? लेकरू हाय." रागावून कधी नाही, सगळं मायेनं. म्हणूनच तिला काही बोलता येईना.

ती माझ्या खोलीत येऊन बसायला लागली. मी शाळेतून दमून आले की म्हणायची, "बाई, मी करू का तुमच्या भाकरी?" मला काय, आंधळा मागतो एक डोळा. तिची भाकरी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा बघतच राहिले. पातळ, गोल, तव्यावरून काढून स्टोव्हच्या आचेवर धरली की टम्म फुगायची. आईनं शिकवलं होतं आणि त्याचा तिला मोठा अभिमान होता. "मामंजींच्या जाड असत्यात," ती कुजबुजायची, आणि आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसायचो. एकदा मात्र ती हसता हसता रडायलाच लागली.

कारण आडावर बायका बोलायला लागल्या होत्या. सुनेला काही येत नाही, म्हणून सासऱ्याला रांधावं लागतंय म्हणे. बोलणं पाहुण्या-रावळ्यांतून फलटणपर्यंत गेलं, आणि एका दुपारी शालनचे वडील दारात उभे राहिले.

त्यांनी पाणी घेतलं नाही. फेटा काढला नाही. ओसरीच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "पोरीला न्ह्यायला आलोय."

सुभेदार हातातला उलथणा घेऊन बाहेर आले. "का वं? काय झालं? फुलावानी ठिवलीया आमी तिला."

"फुलावानी न्हवं, पाव्हण्यावानी ठिवलीया. आमच्या गावात लोक म्हनत्यात, पोरगी बिनकामाची दिली. तिची आई जेवंना झालीया."

"कोण म्हनतंय? नाव सांगा मला!"

"नाव सांगून काय कराल? धपाटी खाऊ घालाल?"

सुभेदारांची धपाटी फलटणपर्यंत पोचली होती, हे त्या वेळीच कळलं. पण हसायला कुणाला सुचलं नाही. शालन दाराआड उभी होती आणि तिच्या पायाशी कापडाचं गाठोडं होतं. ती खरंच निघाली होती. मी माझ्या उंबऱ्यात, ना आत ना बाहेर.

एवढ्यात आक्का आल्या. डोक्यावर वैरणीचा भारा. तो त्यांनी अंगणात टाकला, व्याह्यांकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं, आणि सगळं समजल्यासारखं ओसरीवर बसल्या.

"मी कवाधरनं वाट बघतीया, ह्यो दिवस येणार म्हनून," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "तुमी सासू झालायसा."

"काय?"

"सासू. आन् साधी न्हवं, खाष्ट. माझी सासू बरी हुती. ती निदान माझ्या भाकरीला नावं ठिवाय माझी भाकरी हू तरी द्यायची."

सुभेदारांच्या हातातला उलथणा खाली आला. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. समोरून गोळीबार झाला असता तर त्यांना काय करायचं ते माहीत होतं. हा मार बाजूनं आला होता.

"मी तिला काम पडू ने म्हनून…" ते म्हणाले.

"मामंजी," शालन दाराआडून बोलली. "तुमी लय चांगलं वागीवता. खरं मला ईचारलंसा का कवा? मला भाकरी येत्यात. चांगल्या येत्यात. मला बसून खाल्लेलं गोड लागंना."

तिच्या वडिलांनी मान खाली घातली. मुलीनं सासऱ्याला असं तोंडावर बोलावं हे त्यांनाही नवीन असावं.

सुभेदार उलथणा ओसरीवर ठेवत म्हणाले, "मग आता ईचारतो. काय करू?"

"तुमी भायेर बसा," शालन म्हणाली. "आमचं बापू जेवल्याबिगर जायाचं न्हाईत."

तिनं गाठोडं पायानं बाजूला सारलं आणि ती आत गेली. सुभेदार व्याह्यांशेजारी बसले. बसले म्हणजे काय, नुसते टेकले. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. त्यांची मान त्या आवाजाबरोबर हलायची. "जाळ मोठा झालाय," ते पुटपुटले आणि अर्धे उठले. आक्कांनी नुसतं बघितलं. ते बसले. जरा वेळानं "तवा तापला न्हाई आजून," म्हणून पुन्हा उठले. या वेळी व्याह्यांनीच त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "आवं बसा वं. पोरीचं लगीन लावताना बी मला एवढं जड गेलं न्हवतं." आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मला हायसं वाटलं.

जेवणं झाली. सुभेदारांनी पहिला घास घेतला आणि चावत राहिले. शालन समोर उभी, मला चहा दिल्यावर सुभेदार उभे राहिले होते तशीच त्यांचं तोंड बघत.

"पातळ हाय," ते म्हणाले.

तिचा चेहरा उतरला.

"माझ्यापरास पातळ हाय. मला न्हाई जमत अशी. आणिक एक वाढ."

व्याही संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले. जाताना त्यांच्या धोतराच्या सोग्यात शालननं आईसाठी चार भाकरी बांधून दिल्या. त्या खाण्यासाठी नव्हत्या, गावात दाखवण्यासाठी होत्या.

त्यानंतर घराची घडी बदलली. एका वेळची चूल शालनची, एका वेळची सुभेदारांची. मधल्या वेळात ती कधी आक्कांबरोबर रानात जायची, कधी माझ्याकडून वाचायला पुस्तक न्यायची, कधी नुसती झोपायची. सुभेदार मात्र एका खोडीतून सुटले ते दुसरीत अडकले. आता ते सगळ्यांना सगळं विचारायला लागले. "बाई, वांगं चिरू का भेंडी?" "शालन, तुझं काय म्हननं हाय, अंगण आधी का गोठा?" बाबूभाईंच्या बायकोला विचारलं, "आमटी पाठवू का नगो?" ती बिचारी नको म्हणाली आणि दोन दिवस तिला चुकल्यासारखं वाटत राहिलं. आक्का तर वैतागल्या. "आवं, पलटणीत असं ईचारत बसला असता तर लढाई हारला असता," म्हणायच्या.

माझी बदली व्हायच्या आधीच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. भुईमूग निघाला होता. ओसरीवर शेंगांचा ढीग, आम्ही चौघं फोडत बसलो होतो. शालन काहीतरी गुणगुणत होती. सुभेदारांनी हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली.

"आक्का," ते म्हणाले, "एक ईचारू?"

"ईचारा. न्हाई म्हनलं तर थांबणार हाय का?"

"तुला रान आवडतंय का? का मी न्हवतो म्हनून केलंस?"

शालनचं गुणगुणणं थांबलं. आक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आता ईचारताय व्हय?" त्या म्हणाल्या. मग शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला. "पयल्यांदा गेले तवा रडत गेले. बांधावर बसून रडायची, आन् मग कामाला लागायची. बैलाला भ्यायची मी. रातच्याला पाण्याच्या पाळीला एकटी जायाची तर देवाचं नाव घेत जायाची." त्यांनी दुसरी शेंग उचलली. "आन् आता कुणी रान काढून घेतलं तर पुन्ना तशीच रडंन."

सुभेदारांनी मान हलवली.

"आन् तुमाला?" आक्का एकदम म्हणाल्या. "तुमाला कुणी ईचारलं न्हाई. चूल आवडती का तुमाला? का मी रान सोडंना म्हनून बसलाय तिथं?"

हा प्रश्न त्यांना कुणीच कधी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. सुभेदारांनी टोपी काढली, टकलावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. उत्तर ते खरंच शोधत होते.

"चूल म्हंजे," ते म्हणाले, "धूर लय हुतो. डोळं चुरचुरत्यात. भाकरी काय माझी पातळ येत न्हाई, ते शालननं दाखवलंच." मग दुसरीकडेच बघत म्हणाले, "खरं तू रानातनं भुकेली येतीस, आन् बसून पोटभर जेवतीस, ते बघाय आवडतंय मला."

आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. म्हाताऱ्या बायकोनं लाजावं तरी कसं, तेही सुनेसमोर आणि भाडेकरणीसमोर! मी आणि शालन शेंगांच्या ढिगात डोकी खुपसून बसलो.

"मग बोलत काय बसलाय?" आक्का म्हणाल्या. "वाढा की. भूक लागलीया."